यूसुफभाई, तुमचा हात चुकला नव्हता

यूसुफभाई, तुमच्या मय्यतीला मी आले नाही. बायका कब्रस्तानात जात नाहीत हे कारण आयतंच मिळालं, पण तुमच्या दारापर्यंत यायला मला कोणी अडवलं नव्हतं. वणीहून पांढरकवडा म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. दवाखान्यात त्या दिवशी चार पेशंट होते, आणि चौघंही दुसऱ्या दिवशी आले असते तरी चाललं असतं. मी खुर्चीतल्या माणसाची दाढ काढली, हात धुतले आणि पुढच्याला आत बोलावलं. माझ्या दवाखान्यातली सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, जात नाई काय तुमी?" मी म्हणाले, "पेशंट बसलेत ना." खरं म्हणजे मला तुमचा चेहरा बघायची हिंमत नव्हती.

लोक विचारतात, यूसुफभाई तुमचे कोण? काय सांगू? अकरा वर्षं मी मुलांच्या तोंडाची मापं पाठवत होते आणि तुम्ही त्यावरून क्लिपा करून पाठवत होता. वरचे दात पुढे आलेली, खालचा जबडा मागे राहून गेलेली पोरं. हा जबडा वाढीच्या वयातच पुढे आणता येतो. मुलीचं बारा-तेरा वय उलटून गेलं की हाड कोणाचं ऐकत नाही, मग उरतं ते ऑपरेशन, आणि ते आपल्या भागात कोणी करून घेत नाही. म्हणून ती दोन तुकड्यांची क्लिप. एक वर, एक खाली, आणि तोंड मिटलं की तिरक्या ठोकळ्यांवरून खालचा जबडा पुढे सरकणार. दिसायला गुलाबी प्लास्टिक आणि तार, पण माप जरा इकडचं तिकडे झालं की मुसळ केरात.

हायवेपासून आतल्या गल्लीत तुमची ती खोली होती. वडील तिथं घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचंच टेबल, त्यांचंच डोळ्याला लावायचं भिंग. तुम्ही नागपूरच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढून परत आलात आणि त्याच टेबलावर तारा वळवायला बसलात. मी पहिल्यांदा आले तेव्हा नवी नवी डॉक्टर होते, तोंडात पदवी मावत नव्हती. तुमच्या हातातली तार बघत मी विचारलं, "हे शिकलात कुठं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नागपूरले शिकलो. पन हात अब्बाचा हाये." मग एक तार वळवून माझ्यापुढे ठेवलीत. दाढेला धरणारा आकडा, पक्कडीचा एक ओरखडा नाही. मी तोपर्यंत कॉलेजात शंभर आकडे वळवले असतील, त्यातला एकही असा झाला नव्हता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाले.

तसं आपलं पटायचं कमीच. सगळ्यात मोठं भांडण चित्रांवरून. तुम्ही क्लिपेच्या प्लास्टिकमध्ये चित्रं घालायचात. फुलपाखरू, चांदणी, ट्रॅक्टर. चकाकी तर विचारू नका. मी चिडायचे. "यूसुफभाई, हे उपचाराचं साधन आहे, जत्रेतलं खेळणं नाही." तुम्ही म्हणायचात, "मॅडम, तुमची विद्या तुमच्याजवळ. लेकरू घालीन तवाच ते काम करीन न? डब्बीत ठेवलेल्या क्लिपेनं कोनाचा जबडा सरला आजलोक?" मी म्हणायचे, मुलांना धाक हवा. तुम्ही म्हणायचात, धाकानं लेकरू फक्त खोटं बोलते. तो उमरखेडचा मुलगा आठवतो? लग्नाच्या पंगतीत त्यानं क्लिप काढून पत्रावळीखाली ठेवली आणि पत्रावळीसकट ती उकिरड्यावर गेली. नवरीकडची दहा माणसं खरकट्यात हात घालून शोधत होती. मी त्या पोराला झापणार होते, तर तुम्ही फोनवर हसून हसून बेजार. दुसरी क्लिप केलीत, त्यात पत्रावळ काढून पाठवलीत. तो पोरगा ती क्लिप शेवटपर्यंत घालत होता. तरी मी हार मानली नाही. तुमच्याशी वाद घालण्यात मजा होती हे आता कळतंय, वाद घालायला कोणी उरलं नाही तेव्हा.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मी तुमच्या गल्लीत घुटमळते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

पेशंटचं तोंड तुमच्यासमोर कधी नसायचं. मी मऊ केलेल्या मेणाच्या पट्टीवर पोराला जबडा पुढे आणून चावायला लावायचे, आणि तो मेणाचा चावा दातांच्या साच्यांबरोबर बसनं तुमच्याकडे यायचा. मेण सांगेल तेवढंच तुम्हाला तोंड कळायचं. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही माझ्याकडे एक दोन खणांचा स्टीलचा डबा धाडलात, वर निरोप: "मेन खालच्या खनात, माठाच्या पान्यात बुडवून. साचे वरतं, कोरडे. आणि डबा डायवरच्या पायाशी नाई ठेवायचा, तिथं इंजन तपते." वणीच्या स्टँडवर कंडक्टर विचारायचे, जेवण कोणाचं आहे हो? मी सुनंदाला म्हणायचे, हे यूसुफभाई मेणाला आईसारखं जपतात. चेष्टा करायचे मी. पण दहा उन्हाळ्यांत एकही चावा वाकला नाही.

अकराव्या उन्हाळ्यात पूनम आली. झरीकडची, दोन बस बदलून बापाबरोबर आलेली. बारावं संपत आलं होतं. हसताना ओढणी तोंडावर घ्यायची, शाळेत पोरं काय म्हणतात ते सांगायची नाही. मी तिच्या वडिलांना म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत, हे वर्ष हातचं गेलं असतं तर काही करता आलं नसतं. चावा घेतला, इतका छान आला की मी फोटो काढून ठेवला. सुनंदा त्या दिवशी गावाला लग्नाला गेली होती, डबा भरायचं काम तिचं. मी साचे कागदात गुंडाळले, डबा रिकामाच मागच्या सीटवर टाकला, मेण सुटंच गाडीत समोर ठेवलं, मोबाईल घसरू नये म्हणून काचेखाली उठलेल्या ठिपक्यांची रबरी चटई असते ना, तिच्यावर. स्टँडच्या वाटेवर मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. आहेर देऊन लगेच निघणार होते, तर त्यांनी पंगतीला बसवलं.

मे महिना, काचा बंद, गाडी उन्हात. परत आले तेव्हा मेण हाताला मऊ लागलं. यूसुफभाई, लागलं होतं. मी ते दोन बोटांनी दाबून सरळ केल्यासारखं केलं, डब्यात टाकलं आणि वरून गार पाण्याची बाटली ओतली. वाकलेलं मेण वाकलेलंच घट्ट झालं. मग डबा कंडक्टरच्या हातात दिला आणि हे सगळं विसरून गेले. खरंच विसरले. विसरण्यासारखं होतं म्हणून नाही, विसरणं सोयीचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला.

"मॅडम, हा चावा एका अंगाले दबल्यावानी दिसून राह्यला. पोट्टीले एकडाव बलावता का? नवा घेऊन घ्या."

"मी तोंडात बघून घेतलाय, यूसुफभाई. ती पोरगी दोन बस बदलून येते. तुम्ही बनवा."

"बनवतो न. पन मले जरा..."

"बनवा म्हटलं ना."

"बरं."

क्लिप आली. आत निळं फुलपाखरू. बसवताना एका बाजूचा ठोकळा उंच लागत होता, तो मी घासून टाकला. ही दुसरी वेळ होती, तेव्हाही मला थांबता आलं असतं. महिन्यानं दाखवायला या म्हणून सांगितलं, पण पाऊस लागला, त्यांच्या गावाचा नाला तुंबला, मग पेरणी, निंदण. ते आले पोळा झाल्यावर.

पूनमनं क्लिप एक दिवसही काढली नव्हती. जेवताना नाही, झोपताना नाही, शाळेत नाही. माझ्या आजवरच्या पोरांमध्ये सांगितलं ते शब्दशः ऐकणारी ही एकटीच. म्हणाली, "मॅडम, फुलपाखरू दिसते म्हनून मैतरनी पाहाले मांगतात." तुमचंच खरं झालं, लेकरानं घातली. आणि घातली म्हणूनच तिची हनुवटी डावीकडे सरकली होती, उजव्या बाजूच्या दाढा एकमेकींना लागत नव्हत्या आणि कानापाशी दुखत होतं. वडील म्हणाले, "मॅडम, हे असंच होत असते काय?"

मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "नाही. लॅबची चूक आहे." आणि फोन लावला, त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. पूनम खुर्चीत आ करून पडलेली, बाप शेजारी उभा, आणि मी तुमच्यावर ओरडत होते.

तुम्ही म्हणालात, "मॅडम, मेन जसं आलं तसंच बसवलं मी."

मी म्हणाले, "म्हणजे चूक माझी का?"

तुमच्या मागून कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणालात, "नाई मॅडम. माह्याच हातानं झालं असन."

काहून म्हणालात असं? मेणाबद्दल फोन करून विचारलं होतं, हे तरी सुनवायचं होतं मला, त्या बापासमोर. तुम्ही भांडला असता तर मी कदाचित घरी जाऊन विचार केला असता. तुम्ही चूक अंगावर घेतलीत आणि मला मोकळं केलंत. हा राग मला अजून आहे तुमच्यावर. माझा तुमच्यावर राग! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेवढ्यावर मी थांबले नाही. वणीच्या आणि यवतमाळच्या ज्या दोन डॉक्टरांचं काम तुमच्याकडे जायचं, त्यांना मी सहज बोलता बोलता म्हणाले, "यूसुफभाईंचा हात गेला हो आता. मी तर नागपूरला पाठवते." कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही. आपलं अंगण वाकडं आहे हे चार लोकांनी मान्य केलं की नाचता न येणाऱ्याला बरं वाटतं, तेवढंच. त्यांनीही नागपूर धरलं. तुमचा डबा माझ्याकडे फडताळात पडून राहिला. सुनंदानं एकदा विचारलं, "डबा पाठवू का वापस?" मी म्हणाले, राहू दे.

दिवाळीच्या साफसफाईत पूनमचं जुनं खोकं हाताला लागलं. तुम्ही प्रत्येक कामाबरोबर मेण परत पाठवायचात, अमानत म्हणून. मी ते टाकून देणार होते, सहज उलटं केलं तर खालून बारीक ठिपके. ओळीनं, सारख्या अंतरावर. मी खाली गाडीपाशी गेले आणि मेण त्या रबरी चटईवर ठेवलं. ठिपक्यावर ठिपका बसला. मग मोबाईलमधला फोटो काढून पाहिला. तोंडातला चावा सरळ होता, हातातला वाकडा. मी गाडीत बसले, काचा बंद करून, आणि बराच वेळ तिथंच होते.

त्याच दुपारी तुमचा नंबर लावला. एक रिंग वाजली आणि मी कापला. तुम्ही लगेच उलट फोन केलात.

"मॅडम, फोन आलता तुमचा?"

"चुकून लागला, यूसुफभाई."

"असं होय. काही काम हाये का?"

"नाही."

"असन तर सांगजा. आजकाल मी मोकळाच आहो."

आपलं शेवटचं बोलणं हे. त्यानंतर साडेतीन महिने तुम्ही होता. साडेतीन महिन्यांत मला एक वाक्य बोलता आलं नाही. रोज ठरवायचे. फोनवर नको, समोर जाऊन सांगू. रिकाम्या हातानं नको, काम घेऊन जाऊ. मग ठरवलं, ईदला जाईनच, दर वर्षी जाते, शीरखुर्मा खाता खाता सांगेन, तुम्ही हसाल, म्हणाल, मेन कधी खोटं बोलत नाई मॅडम. सगळा प्रसंग मी मनात रचून ठेवला होता, तुमची माफीसुद्धा. रमजान लागायच्या आधीच तुम्ही गेलात.

आता मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. त्या दोन्ही डॉक्टरांना फोन केले, सगळं सांगितलं, मेणापासून. एकजण म्हणाला, "अरे बापरे. पण तसंही वय झालंच होतं ना त्यांचं." दुसरा म्हणाला, "जाऊ द्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." यूसुफभाई, मी पेरलेलं आता माझ्यानं उपटवत नाही. तुमचा हात गेला होता हे लोकांनी पक्कं करून टाकलंय, आणि गेलेला माणूस हात दाखवायला परत येत नाही.

पूनम तेरा ओलांडून गेली. नागपूरच्या क्लिपेनं हनुवटी बऱ्यापैकी मधे आली, पण जबडा मागे होता तो मागेच राहिला. पोरगी एकदम उंच झाली, ज्या महिन्यांत वाढली ते महिने माझ्या वाकड्या मेणात गेले. तिच्या वडिलांना खरं सांगितलं तर ते म्हणाले, "मंग थ्या मानसाले काहून झापलं होतं तुमी?" पूनम तेव्हाही ओढणी तोंडाशी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मागच्या रविवारी तुमच्या घरी गेले. भाभी इद्दतीत आहेत, तुमच्यामागे चार महिने दहा दिवस आतल्या खोलीतच बसायचं, बाहेर यायचं नाही. तुमची खोली बंद होती. सूनबाईंनी चहा आणून दिला आणि त्या दार लोटून गेल्या. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. लग्नाची पंगत, गाडी, चटई, फोन, स्पीकर, सगळं. एकही गोष्ट लपवली नाही. रडले नाही, तेवढा हक्क मला नव्हता.

भाभी ऐकत होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सावकाश बोलल्या.

"मॅडम, तुमचं काम बंद झाल्यावर ते रोज दुकानात जात. काम काही नोयतं. एकच तार घेत, वळवत, सरळ करत, पुन्हा वळवत. जुन्या क्लिपाशी लावून पाहत. मी म्हनली, डोये दाखवा. तं आदिलाबादले गेले पोराच्या संगं. डाक्टरनं सांगतलं, डोये एकदम बरोबर हायेत. मी खूश झाली. घरी आल्यावर जेवले नाई. म्हने, शकीला, डोये चांगले हायेत, म्हंजे हातच गेला."

चहा माझ्या हातात होता. मी तो न पिताच खाली ठेवला.

"मरस्तोवर तेच डोक्यात होतं त्यायच्या," भाभी म्हणाल्या. "दवाखान्यात सुद्धा बोटं हालवून पाहत. पोराले म्हनत, कोनाचं काम घेऊ नोको माह्या नावानं, लेकराईचे तोंडं खराब होतात."

मी म्हणाले, "भाभी, त्यांचा हात चुकला नव्हता."

त्यांनी ओढणी सारखी केली, माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही, रागही नव्हता त्यात, खरंच विचारत होत्या.

"हे तुमी मले आता सांगून राह्यल्या, मॅडम. मी कोनाले सांगू?"